डाव्या वळणाचा जिना

ती ज्या कंपनीत काम करायची, तिथे कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. गिऱ्हाइकाने स्क्रीनवर आपल्याला हवी तशी वस्तू जुळवायची, माप टाकायचं, रंग निवडायचा आणि शेवटचं बटण दाबलं की ड्रॉइंग आणि कोटेशन तयार. पण कशाशी काय जुळतं हे कॉम्प्युटरला आधी कुणीतरी शिकवावं लागतं. ते काम तिचं. कारखान्यात जाऊन बसायचं, तिथल्या माणसांच्या डोक्यातले नियम बाहेर काढायचे आणि लिहायचे. ऑफिसात सगळे तिला नियमवाली म्हणत. आपल्याला हे नाव मुळीच आवडत नाही असं ती सांगायची, आणि कॉफीच्या मगवर मात्र तेच छापून घेतलं होतं.

या खेपेला तिला लोखंडी गोल जिने करणाऱ्या कारखान्यात पाठवलं. तिथले सगळे नियम एकाच डोक्यात होते, कोटेशन काढणाऱ्या काकांच्या. बत्तीस वर्षं ते त्याच टेबलावर बसत होते. त्यांच्या पाठीमागे लोक त्यांना नाहीकाका म्हणत, कारण काहीही विचारलं तरी त्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं: "होत नाही."

"मॅडम, हे कॉम्प्युटरने होत नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"का होत नाही, काका?"

"जिना कळायला जिना करावा लागतो."

तीन दिवस हाच नन्नाचा पाडा. तिच्या वहीत तारखेखेरीज काही उतरलं नव्हतं. चौथ्या दिवशी तिने विचारणं सोडलं आणि मुकाट्याने स्क्रीनवर एक जिना जुळवायला घेतला. मुद्दाम चुकीचा. मधला खांब काडीसारखा, पायऱ्या दोन हात रुंद, कठडा एकाच बाजूला आणि तोही गुडघ्याएवढा. काका आपल्या कागदांत डोकं घालून बसले होते. पण दोन मिनिटांनी त्यांची खुर्ची करकरली.

"हा जिना आहे की शिक्षा?"

"काय चुकलं?"

"काय बरोबर आहे ते विचारा. एवढ्या रुंद पायरीला हा खांब? वाकेल तो. सरका जरा."

मग काय, किल्लीच सापडली. विचारलं की काका तोंडाला कुलूप लावायचे, पण चूक दिसली की त्यांना राहवत नसे. ती एकापेक्षा एक भयंकर जिने काढत गेली आणि काका कपाळाला हात लावून ते दुरुस्त करत गेले. दहा दिवसांत दोनशेवर नियम झाले. प्रत्येक नियमापुढे कारण लिहायचा एक रकाना होता. तो भरल्याशिवाय नियम सेव्हच होत नसे.

अकराव्या दिवशी तिने डावीकडे वळत चढणारा, सोळा पायऱ्यांचा एक जिना काढला. या वेळी खरं तर चांगलाच काढला होता.

"होत नाही," काका म्हणाले. "डाव्या वळणाचा तेरा पायऱ्यांपर्यंतच. उजव्याचा कितीही करा."

"कारण?"

"होत नाही हेच कारण."

"तो नियम झाला, काका. कारणाचा रकाना रिकामा राहतोय."

"मग लिहा, अनुभव."

"कुणाचा?"

काकांनी चष्मा काढून तो शर्टाच्या टोकाला पुसला. "माझ्या आधीच्या मास्तरांचा," ते म्हणाले. "मी लागलो तेव्हा त्यांनी सांगितलं होतं."

मास्तर रिटायर होऊन कारखान्याच्या मागच्याच गल्लीत राहत होते. दुपारी दोघं त्यांच्याकडे गेली. ते अंगणात एका मोडक्या पंख्याचे स्क्रू काढत बसले होते. प्रश्न ऐकला आणि ते असे हसायला लागले की स्क्रूंची वाटी कलंडली.

"अरे, ते जुन्या शेडमुळे रे. तेव्हा जिना आत सबंध जोडायचो आणि आडवा करून लोळवत बाहेर काढायचो. दाराशी एक खांब होता. उजवा जिना फिरत फिरत निसटायचा. डावा तेरा पायऱ्यांच्या पुढे गेला की त्या खांबात अडकायचा."

"आणि ती शेड?" नियमवालीने विचारलं.

"ती पाडली ना. हा नोकरीला लागला त्याच्या पुढच्याच वर्षी. आता तर जिना सुटा जातो आणि गिऱ्हाइकाच्या घरी जोडतात."

परत येताना गेटपाशी आल्यावर काका म्हणाले, "माझ्या ताईने मागितला होता डावा. चौदा वर्षं झाली. सोळा पायऱ्यांचा. मी सांगितलं, शास्त्रात बसत नाही. उजवा बसवून दिला. आता तो उतरला की समोर कपाटाचा कोपरा येतो. कपड्यांची बादली घेऊन उतरते आणि रोज कोपर आपटून घेते."

"मी नियम काढून टाकते. कुणाला काही कळणार नाही."

"नियम काढा, पण गुपचूप नको," काका म्हणाले. "मी खोटं बोललो नाही, पण खरं काय ते विचारलंही नाही कधी. सांगायला हवं. रविवारी तुम्ही याल का माझ्याबरोबर? तुम्ही असलात तर ती जरा बेताने बोलेल."

ताई बेताने बोलल्या नाहीत. आधी त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हात पुसले आणि तिसऱ्या पायरीवर बसल्या.

"म्हणजे होत होता."

"होत होता."

"सोळाचा?"

"विसाचासुद्धा झाला असता."

"तरी मी म्हणत होते. आमच्या ह्यांनाही सांगितलं होतं, माझा भाऊ हुशार आहे पण कुणाचं तरी ऐकून बोलतोय. चौदा वर्षं, मुली," त्या आता नियमवालीकडे वळल्या, "ह्या कोपराला एक दिवस सुट्टी नाही. आणि हा दर वेळी येतो, जिन्याला हात लावून बघतो आणि म्हणतो, बघ कसा मजबूत आहे."

काका खाली मान घालून बसले होते. नियमवालीला हसू आवरेना, म्हणून तिने घाईघाईने घराची मापं आधीच भरून आणलेला टॅब उघडला आणि ताईंच्या हातात दिला. "तुम्हीच जुळवा, ताई. डावा."

ताईंनी डावा घेतला, लाकडी पायऱ्या घेतल्या आणि रुंदी वाढवत नेली. स्क्रीनवर लाल पट्टी आली.

"हे पण तुझ्यासारखंच आहे की. होत नाही म्हणतंय."

"खाली कारण आहे, वाच," काका हळूच म्हणाले.

ताईंनी टॅब लांब धरून वाचलं. एवढ्या रुंद पायऱ्या घेतल्या तर वरच्या खोलीचं दार पुरतं उघडणार नाही. "हं. असं सांगितलं की पटतं माणसाला," त्या म्हणाल्या आणि रुंदी चार बोटं कमी केली.

महिन्याभराने तो जिना बसला. पहिले आठ दिवस ताई उतरताना सवयीने कोपर आत ओढून घ्यायच्या आणि मग स्वतःशीच हसायच्या.

इकडे काकांनी जुन्या फाइली काढल्या. धूळ झटकत एकेक पान उलटायचं, नकार दिलेला डावा जिना सापडला की नंबर फिरवायचा. पहिल्या माणसाने घरच विकलं होतं. दुसऱ्याने सांगितलं, आता उजव्याची सवय झाली. एका बाईंना वाटलं, हा काहीतरी गळ्यात मारतोय. त्यांनी फोन ठेवून दिला. काका न रागावता पुढचं पान उलटायचे.

सातव्या फोनवर ते बराच वेळ नुसते ऐकत राहिले. मग फोनवर हात ठेवून त्यांनी नियमवालीला खुणेने बोलावलं.

"मॅडम, ते उघडा लवकर. डावा, सतरा पायऱ्या. विचारतायत, होईल का."

"काय सांगताय मग?"

काकांनी फोनवरचा हात काढला. "होईल," ते म्हणाले, आणि तो शब्द जिभेवर नवा असल्यासारखा पुन्हा एकदा म्हणाले, "होईल, होईल. माप सांगा."