तेलाचा क्रूस

माझी बायको शोशाम्मा गेल्याचं मला रबराच्या बागेत कळलं. सकाळचे साडेसात झाले होते. निम्म्या झाडांना काप देऊन झाला होता, वाट्यांत चीक पडायला लागला होता. बेसिल, माझा मुलगा, चढण चढून आला. तो आमच्या पंचायतीचा सदस्य आहे, कायम फोनवर बोलत चालतो. त्या दिवशी फोन खिशात होता. तेवढ्यावरून मला समजलं.

"अप्पच्चा, सुरी खाली ठेवा," तो म्हणाला.

मी उरलेल्या झाडांनाही काप दिले. का दिले ते मला सांगता येत नाही. बेसिल माझ्यामागून एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे येत राहिला.

इस्पितळात तिने दोन गोष्टी मागितल्या होत्या. "मला अन्नाशेजारी ठेवा. आणि तेल एल्दो अच्चनांच्या हातचं."

अन्ना आमची मुलगी. नऊ वर्षांची असताना तापाने गेली. चर्चच्या कबरस्तानात आमच्या घराण्याच्या कबरीत आहे. एल्दो अच्चन आमचे पाद्री. आमच्यात माणसाला आत ठेवण्याआधी पाद्री त्याच्या तोंडावर आणि छातीवर तेलाने क्रूस करतो. मग तोंड झाकतात. त्यानंतर ते कोणी बघत नाही.

दोन्ही गोष्टी एकदम होणं अवघड होतं. आमच्या गावचे ख्रिस्ती दोन बाजूंना वाटले गेलेत. येशू एक, प्रार्थना एक, बिशप दोन. चर्च कोणाचं, यावर कोर्टात एक पिढी गेली. आधी किल्ली आमच्याकडे होती. चार वर्षांपूर्वी निकाल लागला आणि ती त्यांच्याकडे गेली. आम्ही आता पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थना करतो. कबरस्तानात आमच्या प्रेताला जागा आहे, आमच्या पाद्रीला नाही.

"शेडमागच्या नव्या जमिनीत ठेवू," बेसिल म्हणाला. "अच्चन असतील, सगळं नीट होईल."

"आणि अन्ना?"

तो म्हणाला, "मग तेल घरीच लावून घेऊ."

एल्दो अच्चन तिथेच बसले होते. म्हणाले, "हे तेल कबरीच्या तोंडाशी लावायचं असतं, बेसिल. घरात नाही, रस्त्यात नाही. दुसरीकडे कुठे लावलं तर ते नुसतं तेल."

"मी पौलोसशी बोलतो," मी म्हणालो. किल्ली आता पौलोसकडे असते.

"बोला. पण तो तुम्हाला चांगला ओळखतो, अप्पच्चा," बेसिल म्हणाला.

ओळखतो. सतरा वर्षांपूर्वी पौलोसच्या आईची, मरियम चेडत्तीची शवपेटी त्या गेटसमोर चार तास उन्हात थांबली होती. तेव्हा गेटच्या आत आम्ही होतो. मी पहिल्या ओळीत, दोन्हीकडच्या माणसांच्या हातात हात अडकवून. शेवटी पेटी आत आली, त्यांचे पाद्री बाहेर राहिले. शोशाम्मा त्या दुपारी ताकाची कळशी घेऊन त्यांच्या माणसांत फिरली. घरी आल्यावर मी तिला विचारलं, "लाज नाही वाटली तुला?"

"वाटली," ती म्हणाली. "म्हणूनच गेले."

शनिवारी तीन वाजता आम्ही तिला घेऊन गेटपाशी पोचलो. फौजदार आणि चार पोलीस उभे होते. पौलोस पुढे आला. मला तो अजून चेट्टा, थोरला भाऊ, म्हणतो.

"वर्कीचेट्टा, शोशाम्मा चेडत्तीला आत न्या. तिच्या हातचं ताक प्यायलोय मी."

"आणि अच्चन?"

"आज उन्हात उभं राहायची पाळी त्यांची." मग तो जवळ आला आणि आवाज खाली आणला. "दहा मिनिटं. झगा काढून साध्या सदऱ्यात येऊ दे त्यांना. मी पाठ फिरवतो, फौजदारसाहेबांनाही सांगतो. पण आधी तुम्ही एक वाक्य बोला. सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्या दिवशी माझ्या आईशी वाईट वागलो, एवढंच."

माझ्यामागे आमच्या बाजूची तीनशे माणसं होती. कुर्याकोस ओरडला, "वर्की, कानात काय सांगतोय तो? सोयरीक जुळवतोय की काय?" दोघं-तिघं हसले. फोन वर झाले.

बेसिलने माझं कोपर धरलं. "अप्पच्चा, नको. अपील चालू आहे. हे उद्या कोर्टात दाखवतील. आणि पुढच्या महिन्यात मला मतं मागायला याच माणसांच्या दारात जायचंय."

"तुझी आई आहे ती."

"माहीत आहे मला!" त्याचे डोळे भरले होते.

त्याने धरलेलं कोपर सोडवता आलं असतं. पकड सैल होती. वाक्यही मला येत होतं, शोशाम्माने ताक वाटलं त्या दिवसापासून येत होतं. मी मागे बघितलं. याच माणसांनी पेटी खांद्यावरून आणली होती, हिच्या आजारपणात घरी कंजी, भाताची पेज, पोचवली होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

पौलोस थोडा वेळ थांबला. मग त्याने गेट उघडलं. "चला. प्रेत उन्हात ठेवू नका."

कबरीवरचा दगड सरकवला. आत अन्नाचं म्हणून वेगळं काही ओळखू येत नव्हतं. त्यांचे तरुण पाद्री तेलाची बाटली घेऊन माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "मी लावू का?" मी उत्तर देण्याआधी आमची माणसं ओरडली, "नको!" ते मागे सरकले. मी तिचं तोंड कोरडंच झाकलं. भिंतीपलीकडे रस्त्यावरून एल्दो अच्चन प्रार्थना गात होते. मध्ये बस गेली, तेव्हा काही शब्द ऐकू आले नाहीत.

परतताना एल्दो अच्चनांनी आपल्याजवळची तेलाची बाटली माझ्या हातात दिली.

तिच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना होऊन गेली. बेसिल निवडून आला. त्यांच्या बाजूचीही मतं त्याला पडली म्हणतात. बाटली घरात क्रूसाखाली ठेवली आहे. पौलोसचं घर आमच्यापासून सात घरं पुढे आहे. बागेत जाताना रोज मी त्यावरून जातो, कधी तो ओसरीवर पेपर वाचत असतो, मान हलवतो, मीही हलवतो.

ते वाक्य मी त्याला अजून म्हटलेलं नाही.