सुकेळ्यातली गोळी

आगाशीच्या त्या घरात दोन जावा एकाच चुलीवर रांधायच्या, आणि थोरली मथुरा धाकट्या द्वारकेवर कायम जळायची. द्वारकेची भाकरी टम्म फुगली तरी हिचं तोंड वाकडं. तशात एक्क्याऐंशीच्या भाद्रपदात मथुरेचा भालू आणि द्वारकेची विमल, दोघंही एकाच दिवशी हुडहुडी भरून आडवी झाली. रक्त तपासलं तर दोघांनाही हिवताप.

दवाखान्यातले प्लासिड डॉक्टर तेव्हा मुलांसाठी औषधांच्या दोन जोड्या ताडून बघत होते. जुनी कडू गोळी दोन्ही जोड्यांत होतीच, सोबतची दुसरी तेवढी वेगळी. कोणाला कुठली, ते चिठ्ठी उचलून ठरायचं. भालूच्या वाट्याला पांढरी आली, विमलच्या वाट्याला गुलाबी. झालं! मथुरेच्या पोटात दुखायला लागलं.

"नवं औषध हिच्या पोरीला, नि माझ्या भालूला उरलंसुरलं?"

"अहो, दोन्हींत बरं कुठलं ते मलाच अजून ठाऊक नाही," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या पोटात गेल्या पाहिजेत, एवढंच बघा."

घरी येताच मथुरेनं कपाटातून बरणी काढली. वाडीतल्या राजेळी केळ्यांची, उन्हाळ्यात वाळवलेली सुकेळी. कपाटाची किल्ली सदा हिच्या कमरेला. गोळ्या सुकेळ्यात दडवून तिनं ते भालूच्या हातात दिलं. तेवढ्यात द्वारका दाराशी आली.

"वयनी, एक सुकेळं द्या ना. विमल कडू गोळी तोंडात धरत नाय."

"संपली," मथुरा म्हणाली आणि भरली बरणी आत ढकलली.

द्वारका काय करणार? पोरीला मांडीवर घ्यायची, नाक दाबायची, गोळी घशाशी टाकायची, वर पाणी. विमल किंचाळून घर डोक्यावर घ्यायची आणि मथुरेला बरं वाटायचं.

पण विमलचा ताप उतरला. पोर अंगणात पळायला लागली आणि भालू मात्र कॉटवर फणफणत पडलेला, हाक मारली तरी उठून बसेना. मथुरेच्या काळजाचं पाणी झालं. ती तडक दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांना घेऊनच आली. वाटभर तोंडाचा पट्टा चालू: "माझंच पोर सापडलं होय तुम्हाला मारायला?"

डॉक्टरांनी भालूला तपासलं. मग कॉटखाली चाललेल्या मुंग्यांच्या रांगेकडे त्यांचं लक्ष गेलं आणि ते वाकले. भिंतीच्या कडेला गोळ्या पडल्या होत्या. भालू सुकेळं चोखून खायचा आणि गोळ्या खाली थुंकायचा. मागं राहिलेला गोडवा मुंग्यांनी फस्त केला होता.

"औषध वाईट नव्हतं, मथुराबाई. ते पोटातच गेलं नाही," डॉक्टर म्हणाले. मग ते दाराशी उभ्या द्वारकेकडे वळले. "विमलला कशातून दिलंत?"

"कशातूनच नाय," द्वारका सरळपणे म्हणाली. "सुकेळी संपली होती ना."

मथुरेला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"आता वेळ घालवू नका. माझ्यासमोर द्या."

मथुरेनं गोळी पुढे केली. भालूनं दात घट्ट मिटले आणि मान फिरवली. तिला काही त्याचं नाक दाबवेना.

"तूच दे गं," ती द्वारकेला म्हणाली.

द्वारकेनं नाक दाबलं, गोळी गेली. भालू भोकाड पसरून काकीच्याच गळ्यात पडला. पोर आता वाचेल म्हणून मथुरेचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी ती पुन्हा जळाली. रडायला आईचा गळा नव्हता काय?

तिनं कमरेची किल्ली सोडली आणि द्वारकेपुढे ठेवली.

"बरणी काढ. विमलला दे. उद्याची गोळीसुद्धा तूच दे याला." मग तिनं भालूची पाठ थोपटली. "पण रडायला त्याला माझ्याकडे पाठव."