पोटरीवरचे पीठ

मी एक जुने लाटणे आहे. बेकरीतले, हातभर लांब, दोन्ही टोकांना गुळगुळीत मुठी. मित्रांनो, माझी हकिगत सांगताना मान खाली जाते. लाटण्याला कुठली आली मान, असे म्हणू नका. लाज वाटायला मान लागत नाही.

सुताराने मला अखंड लाकडातून घडवले. बेकरीचे मालक मला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. "हे आहे तोवर कणकेत गाठ राहायची नाही," असे ते गिऱ्हाइकांना सांगत, आणि मी फुगून जाई. गर्वाचे घर खाली, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मालक भट्टीपाशी बारा-बारा तास उभे असत. पायांच्या शिरा फुगलेल्या होत्याच. एकदा डाव्या पोटरीवर लाल पट्टा उमटला. आत दोरीसारखे काहीतरी कडक, गरम, आणि हात लावला की कळ. मालकांनी उभ्या जन्मात गाठ दिसली की लाटली होती. त्यांनी पाय ओट्यावर ठेवला आणि मला उचलले.

सात दिवस मी ती पोटरी लाटली. ते दातओठ खाऊन सोसत. मला त्यांची दया यायला हवी होती, पण मला चीड होती ती एवढीच, की ही गाठ मला दाद कशी देत नाही!

आठव्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई पाव घ्यायला आल्या. मालकांचे लंगडणे पाहून त्यांनी तिथेच पाय तपासला.

"चोळलंत का काही?"

"छे हो," म्हणत मालकांनी मला हळूच फडक्याखाली सारले.

मालकांची लेक शेजारीच उभी होती. ती वाकली. "मग बाबा, पोटरीला पीठ कसं लागलं?"

मग मालकांनीच फडके उचलले. "ह्यानं लाटत होतो. सांगायची लाज वाटली."

बाई रागावल्या नाहीत. "काका, ही कणकेतली गाठ नव्हे. कातडीजवळची शीर सुजलीय आणि आत रक्त गोठलंय. एरवी हे बहुतेकदा औषधानं निवळतं. पण चोळल्यानं गुठळी सुटून पुढे जाऊ शकते, आणि ही मांडीकडे सरकलेली दिसतेय. आतल्या मोठ्या शिरेत गेली तर तिथून फुफ्फुसात जाऊ शकते, आणि मग जिवावर बेतेल. आत्ताच सोनोग्राफी करून या."

सोनोग्राफीत दिसले, गुठळी मोठ्या शिरेच्या दोन बोटे अलीकडे थांबली होती. दीड महिना रक्त पातळ करणारे औषध चालले आणि मालक वाचले.

आता ते पायात घट्ट लांब मोजा घालतात, मधूनमधून चालतात, बसले की पाय स्टुलावर घेतात. मला त्यांनी दाराजवळ खिळ्याला टांगले आहे. पाय दुखतो म्हणत कुणी आले, की माझ्याकडे बोट दाखवून सारे सांगतात, फडक्यासकट. लोक हसतात, मालकही हसतात. मी मात्र चोरासारखे लटकत राहते.

मित्रांनो, फक्त दोन बोटे उरली होती. सात दिवस ती पोटरी माझ्याखाली होती, आणि "थांबा" म्हणायला मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे. डॉक्टरांनी विचारले, तर लाज वाटली तरी खरे सांगा.