टाचेतलं रक्त

"शर्टाची बटणं काढा," सिस्टर म्हणाल्या.

वेल्डर दाराकडे निघालाच होता. रोज लेकीच्या टाचेतून रक्त काढायची वेळ झाली की तो जिन्यात जाऊन उभा राही. पाच दिवसांची पोर, वेळेआधी आलेली, ओंजळीत मावेल एवढी. तिचं रडणं ऐकत तो कठडा घट्ट धरून ठेवायचा.

"मी बाहेर थांबतो ना."

"आज नाही. आज कामाला लागा."

त्याने बटणं काढली आणि लगेच हात आडवा धरला. "ठिणग्यांचे डाग आहेत सगळे."

"डागांशी तिला काय करायचंय? तिला ऊब हवी."

सिस्टरांनी पोरीला काचेच्या पेटीतून अलगद उचललं, त्याच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं आणि वरून दुपटं पांघरलं. त्याचा एक तळवा तिच्या डोक्यावर, दुसरा पाठीवर. "असेच ठेवा. थोपटू नका, नुसते राहू द्या."

तो श्वास रोखून बसला.

"श्वास घ्या हो! तिला कळतं."

बऱ्याच वेळाने पोरीच्या मुठी सैल पडल्या. सिस्टरांनी तिच्या जिभेवर साखरपाण्याचे दोन थेंब सोडले, इवलं पाऊल हातात धरून त्याला ऊब दिली. त्याने डोळे मिटून घेतले. आता रडेल. आता.

काहीच ऐकू आलं नाही.

त्याने डोळे उघडले. जिन्यात ते रडणं काळीज चिरत जायचं, पण पोर आहे एवढं तरी त्यातून कळायचं. "सिस्टर, रडत का नाही ही?"

"झालं टोचून. एकदा कुरकुरली, तुमचंच लक्ष नव्हतं. बघा, झोपलीय."

एवढ्यात दार ढकललं गेलं. शेजारच्या वॉर्डातून त्याची बायको भिंत धरत आली होती. पोटावर ऑपरेशनचे ताजे टाके, चेहरा पांढराफटक.

"अहो, काय झालं? आज आवाजच आला नाही..."

हात उचलायची सोय नव्हती. त्याने हनुवटीनेच खाली खुणावलं. दुपट्याबाहेर आलेल्या टाचेवर कापसाचा बोळा होता. तिने वाकून पोरीच्या नाकाजवळ बोट धरलं. तसंच बराच वेळ धरून ठेवलं.

मग ती खुर्चीत बसली आणि एकाएकी हसू लागली. डोळे पुसायची, पुन्हा हसायची.

"हसवू नका हो," टाक्यांवर हात दाबत ती म्हणाली. "टाके ओढतात."

तो तर तिच्याशी अजून एक शब्दही बोलला नव्हता.