ओल्या चादरींची अँटेना

आमच्या इमारतीच्या अध्यक्षांना सौंदर्यदृष्टी फार. जिन्यातल्या कुंड्यांखाली एकाच रंगाच्या बशा हव्यात, बाल्कनीत सायकल दिसता कामा नये, आणि गच्चीवरचा माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा, रेडिओचा खांब तर त्यांना कुसळासारखा सलायचा. शेवटी त्यांनी बैठकीत ठराव करून घेतला की गच्चीवर अँटेना नको. शनिवारी सकाळी बाबांनी खांब स्वतःच उतरवला. कोणाला हात लावू दिला नाही, आणि खाली आल्यावर चहाही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि घोडं तिथंच पेंड खात होतं. दर रविवारी सकाळी बाबा समुद्रापलीकडच्या एका माणसाशी रेडिओवर बुद्धिबळ खेळतात. त्याला सगळे कप्तान म्हणतात. तो जन्मभर दंतवैद्य होता आणि त्याला बोट लागते, पण नाव पडलं ते पडलं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. बाबांनी एक चाल सांगायची, कप्तानाने एक सांगायची, थोड्या गप्पा मारायच्या, मग आठवडाभर पट तसाच.

इतक्या वर्षांत बाबा एकदाही जिंकले नव्हते. या वेळी जिंकणार होते. घोडा आत घातला की मात, हे त्यांनी आठवडाभर आम्हाला जेवताना मिठाची बरणी सरकवून दाखवलं होतं. त्यातून कप्तानाने बजावून ठेवलं होतं की हा डाव शेवटचा. तो संपला की रेडिओ आवरायचा आणि मुलीकडे राहायला जायचं. म्हणजे जिंकायची संधी ही एकच. आणि डावाचा नियम असा, की रविवारी जो बोलायला हजर नाही तो हरला. नियम बाबांचाच. कप्तान आळशी आहे अशी त्यांची समजूत होती.

"बाबा, फोन करा ना त्यांना," मी म्हटलं.

"डाव रेडिओवर मांडलाय, सूनबाई. फोनवर काय, कोणीही बोलतं."

आता माझं पोटच मुळी अँटेनांवर चालतं. कंपनीत मी त्या आखते. घरात म्हातारा माणूस तारेवाचून अडून बसलाय आणि मी टीव्ही बघत बसले, तर लोक तोंडात शेण घालतील. शिवाय अध्यक्षांची जिरवायची इच्छा मला बरेच दिवस होतीच, ती काही मी लपवत नाही.

गच्चीवर कपडे वाळत घालायच्या तीन दोऱ्या आहेत, शेजारी शेजारी. त्यांच्या जागी प्लॅस्टिक चढवलेली तांब्याची तार ताणली, तर बघणाऱ्याला दोरीच दिसणार. आणि तारा तीन असल्या की गंमत करता येते. एकटी तार सगळीकडे सारखीच ओरडते. पण तिन्ही तारा मोजून अंतरावर ठेवल्या आणि प्रत्येकीला संदेश जरा आगेमागे पोचवला, तर त्यांचे आवाज एका बाजूला एकमेकांत मिसळून वाढतात आणि दुसऱ्या बाजूला एकमेकांना खाऊन टाकतात. दोघांनी एका वेळी झोका ढकलला तर उंच जातो, उलटसुलट ढकलला तर जागीच थांबतो, तसं. अशा जुळणीला आम्ही ॲरे म्हणतो. त्याची जोराची बाजू मी समुद्राकडे ठेवायची ठरवली, आणि गप्प बाजू समोरच्या विंगेतल्या अध्यक्षांच्या घराकडे. साप मरावा पण काठी मोडू नये.

अडचण एकच होती. शनिवार हा सासूबाईंचा चादरींचा वार, आणि दोऱ्या तुडुंब भरलेल्या.

"तुमच्या काय त्या तारा खुशाल लावा," आई म्हणाल्या. "पण माझे कपडे उतरणार नाहीत."

आईंच्या वाळणीला हात लावायची या घरात कोणाची प्राज्ञा नाही. माझा नवरा तर असल्या वेळी नेमका बाहेरगावी असतो. मग मी एकेक दोरी सोडवून तार ताणली आणि ओल्या चादरी जशाच्या तशा तिच्यावर परत टाकल्या. खाली वाकून मापं घेतली, तारांची टोकं बोटबोटभर छाटली, पुन्हा मापं घेतली. दुपारपर्यंत मीटरचा काटा असा शहाण्यासारखा जागेवर येऊन बसला, की मला आकाश ठेंगणं झालं. बाबांनी तेव्हा कुठे चहा मागितला.

रविवारी सकाळी बाबा अंघोळ करून, भांग पाडून रेडिओपुढे बसले. शेजारी पट मांडलेला. "कप्तान, कप्तान, ऐकू येतंय का?" त्यांनी विचारलं. नुसती खरखर. पुन्हा विचारलं. पुन्हा खरखर. आवाज जरा चढवून तिसऱ्यांदा विचारत होते, तेवढ्यात दाराची घंटा वाजली. दारात अध्यक्ष.

"तुमचे बाबा माझ्या टीव्हीत आहेत," ते म्हणाले. "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का, म्हणून सारखं विचारतायत. त्यांना सांगा, येतंय."

एवढं बोलून ते तडक गच्चीवर निघाले, लपवलेली अँटेना शोधायला. मी बाबांना जरा वेळ बोलू नका म्हणून खूण केली आणि मागोमाग धावले. अध्यक्ष पाण्याच्या टाकीमागे वाकून बघत होते. मी मात्र तारांकडे बघत होते. तिन्ही रिकाम्या. कपडे वाळले होते, आणि आईंनी संध्याकाळीच काढून नेले होते.

तारेवर ओली चादर असली की तार असते त्यापेक्षा लांब असल्यासारखी वागते. मी सगळी मापं चादरींसकट घेतली होती. चादरी गेल्या आणि सगळा हिशोब फिरला: जोराची बाजू अध्यक्षांच्या दिवाणखान्यात, गप्प बाजू समुद्राकडे. असली चूक करायला अँटेनांचंच शिक्षण लागतं. दुसऱ्या कोणी आधी दोऱ्या मोकळ्या केल्या असत्या.

मी खाली आले. "आई, कालच्या चादरी परत ओल्या करायच्यात."

"धुतलेल्या?"

"हो."

"घड्या घातलेल्या?"

"हो, आई."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता माहेरचा उद्धार होणार. पण आतून बाबांचा आवाज आला. रेडिओ बंद होता, ते स्वतःशीच बोलत होते. "वाट बघत असेल तो. म्हणेल, हरायच्या भीतीने आला नाही." आईंनी कपाट उघडलं आणि सगळी चळत नळाखाली धरली.

गच्चीवर कोणती चादर कुठल्या तारेवर होती ते मला आठवेना. आईंना विचारायचीही गरज पडली नाही. "निळी पहिल्या दोरीवर, टॉवेल मधल्या," असं म्हणत त्या घालत सुटल्या. तोवर अध्यक्ष टाकीमागून रिकाम्या हाताने बाहेर आले.

"रिकामे उभेच आहात, तर टोक धरा," आई म्हणाल्या आणि त्यांच्या हातात गळती चादर दिली.

अध्यक्षांनी ती पिळली. मग तारेवर टाकली, आणि स्वभावाला औषध नाही म्हणून दोन्ही काठ समसमान लोंबतील अशी नीट सारखी केली. मी जिन्यातून बाबांना पुन्हा बोला म्हणून हाक मारली. थोड्या वेळाने समोरच्या खिडकीतून अध्यक्षांची बायको ओरडली की टीव्ही साफ झालाय.

"काय केलंत तुम्ही?" अध्यक्षांनी विचारलं.

"वाळण घातलं. तुम्हीच तर घातलंत," आई म्हणाल्या.

ठरावात वाळणाबद्दल काही नव्हतं. ते समाधानाने घरी गेले.

आम्ही खाली आलो तेव्हा रेडिओतून एक घोगरा आवाज मजेत बोलत होता. "आलास का शेवटी. मी घड्याळच बघत होतो. सांग चाल."

बाबांनी घोड्यावर बोट ठेवलं. आई ओले हात पुसत दारात उभ्या राहिल्या. बाबा घोड्याकडे बघत राहिले, मग रेडिओकडे, मग पुन्हा घोड्याकडे. आणि त्यांनी बोट उचललं.

"कडेचं प्यादं," ते म्हणाले. "एक घर पुढे."

रेडिओ खरखरला.

"घोडा नाही?" कप्तानाने विचारलं.

"नाही."

पुन्हा खरखर. मग कप्तान खाकरला. "माझंही प्यादं. एक घर."

मला बुद्धिबळ फारसं येत नाही, पण मिठाच्या बरणीने आठवडाभर शिकवणी घेतली होती. कप्तानाला राजा हलवून वाचवता आला असता. त्याने हलवला नाही. घोडा अजून तसाच टपून बसला होता आणि राजा तसाच त्याच्या तोंडाशी.

"मुलीला कळवतो," कप्तान म्हणाला. "डाव लांबलाय म्हणून."

बाबांनी बटण बंद केलं आणि पटावरची नसलेली धूळ फुंकली. मी उगाच पान्हा शोधायला लागले.

"आता चादरी उतरवून तारा नीट लावते, बाबा. कोरड्या असतानाच्या मापाने."

"राहू दे," आई म्हणाल्या. "तार नीट केलीस, की रोज बोलता येईल, आणि यांना एका सकाळीत जिंकायची हुक्की येईल. त्यापेक्षा मीच चादरी शनिवारऐवजी रविवारी धुवेन."