नबीलालचा हलका पाय

मी एक जुनी राखाडी मोटार आहे. राजारामपुरीतल्या एका बोळात पत्र्याच्या शेडखाली उभी असते. शेजारची मांजरी दरसाल माझ्या मागच्या सीटवर बाळंत होते आणि तिची पोरं गादीतला कापूस उपसतात. असू दे. निदान कुणीतरी माझ्यात बसतं. पण मित्रांनो, ऊन कलायला लागलं की मला अजून मुरगूडची वाट आठवते आणि आत कुठंतरी तुटतं.

माझा जन्म मुंबईच्या कारखान्यातला. गुळाचे व्यापारी वर्धमान शेठ मला कोल्हापुरात घेऊन आले, तेव्हा चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं, पेढे वाटले. अख्खी गल्ली बघायला लोटली होती. मीही तेव्हा नव्या नवरीसारखी मिरवत होते, खोटं कशाला बोलू.

मला चालवायला आले नबीलाल. आधी ते टांगा हाकायचे, आणि घोड्याला जपायची तीच रीत त्यांनी माझ्याशीही ठेवली. लांबवर म्हशी आडव्या दिसल्या की आधीच पाय उचलायचे, म्हणजे ब्रेक दाबायची पाळीच येत नसे. रेल्वेचं फाटक पडलं की इंजिन बंद. डिकीत कुणी उगाच गुळाची ढेप ठेवली तर ती उतरवूनच निघायचे. "घोडं दमतंय तशी मोटार बी दमती," असं म्हणायचे. "दम वाया घालवायचा न्हाय." त्यांचा पाय माझ्यावर इतका हलका असे, की मला ओझं म्हणून कधी वाटलं नाही.

आणि एक आमचे धाकटे शेठ, वर्धमान शेठचे भाऊ पार्श्वनाथ. कोपऱ्यावर पान खायचं तरी मला बाहेर काढायचे. तिथं मला घुरघुरत उभी करून तासतासभर गप्पा हाणायचे. शेजारच्या झुंबरबाईंच्या पापडांवर माझ्या धुराची काजळी बसायची. त्या दारातूनच म्हणायच्या, "धाकलं शेठ, पाय मोडल्यात व्हय? चार पावलांवर तर दुकान हाय की." पालथ्या घड्यावर पाणी.

वर्धमान शेठच्या पत्नी पद्मावती वहिनी. त्यांचं माहेर मुरगूड. तिथं त्यांची म्हातारी आई एकटी होती, तिला सगळा गाव आक्का म्हणायचा. घर जैनांचं, त्यामुळं दिवस मावळला की आक्का अन्नाला शिवत नसे, पाणीही घेत नसे. म्हणून महिन्याकाठी आम्ही उन्हं असतानाच पोचायचो. मी अंगणात उभी राहायचे आणि उघड्या दारातून मला दिसायचं, मायलेकी एकाच ताटात जेवतायत. फार गोड दिसायचं ते.

त्र्याहत्तर साल सरता सरता पेट्रोल कडाडलं. शेठनी जाहीर केलं, मोटार आता कामापुरतीच. आधी बंद झाली ती मुरगूडची वाट. धाकट्या शेठनी रंकाळ्यावर जाऊन हवा खाणं काही सोडलं नाही. दुपारी सगळे पेंगले की वहिनी गुपचूप यायच्या, माझ्या मागच्या सीटवर बसायच्या आणि काचेतून समोरच्या भिंतीकडं बघत राहायच्या. नेता आलं असतं तर मी एकटीच घेऊन गेले असते.

एके दिवशी गुळाच्या ट्रकबरोबर मुरगूडचा केरबा आला. दारातच म्हणाला, "वैनीसाब, आक्का उद्यापास्नं अन्न सोडणार. महाराजांची आज्ञा घेतलीया. आज लेकीसंगं एका ताटात जेवायचं म्हणून सकाळपास्नं तशाच बसल्यात."

पिकल्या वयात गुरूंच्या आज्ञेनं असं देह सुटेपर्यंतचं व्रत घेतात, हे वहिनींना ठाऊक होतं. त्या रडल्या नाहीत, नुसती पिशवी उचलली. शेठ सांगलीला गेलेले, एस्टी सुटून गेलेली. पंपावर पाटी, पेट्रोल नाही. आणि माझ्या टाकीत तळाला थोडं उरलेलं. बाकीचं आदल्या संध्याकाळी रंकाळ्यावर धूर होऊन गेलं होतं.

नबीलालनी टाकीत काठी बुडवून बघितली. "हळू गेलो तर पुरतंय," ते म्हणाले. "उन्हं असतानाच पोचवतो. निस्तं मला घाई करू नका."

आम्ही निघालो. पण सूर्य उजवीकडच्या काचेत होता आणि वहिनींची नजर त्याच्यावरून हलेना. त्यात एकामागून एक ट्रक आम्हाला मागं टाकून जात होते.

"नबीभाई, जरा पळवा की."

"वैनीसाब, पळवली तर पुरायचं न्हाय."

"माझी आई उपाशी बसलीया. पळवा म्हणते ना."

नबीलालनी पाय दाबला. आयुष्यात पहिल्यांदा. कागलपर्यंत मी उधळले. मग काटा बघून त्यांनी पाय उचलला आणि पुन्हा माझी नेहमीची चाल धरली. पण जळलं ते जळलं. मुरगूडचं देऊळ दिसत होतं, आणि मी दोन आचके देऊन थांबले. वहिनी अनवाणीच पळाल्या.

रानातून परतणाऱ्या गावच्या गुंडूनं माझ्या बंपरला कासरा बांधला आणि मला बैलांनी ओढून अंगणात आणलं. दिवस मावळला होता. दार उघडंच होतं. पाटासमोर ताट झाकून ठेवलेलं होतं आणि आक्का लेकीचं डोकं मांडीवर घेऊन थोपटत होत्या. "रडू नगं," त्या म्हणाल्या. "मी थांबले व्हते गं. सूर्याला कोण थांबवणार?"

सकाळी ते ताट गुंडूच्या बैलांपुढं गेलं. आक्कांनी शब्द पाळला. थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

वहिनी पुढं बाजाराला, देवळाला, दवाखान्याला पायीच जाऊ लागल्या. हळूहळू धाकटे शेठही पानाला चालत जाऊ लागले. मी म्हातारी झाले आणि या शेडखाली आले. डोळे अधू झाल्यावरही नबीलाल शुक्रवारी नमाजानंतर यायचे, काच पुसायचे, आत बसून रिकाम्याच पॅडलवर पाय ठेवायचे. तोच हलका पाय. मग एका शुक्रवारपासून ते यायचे थांबले. शुक्रवारी मी अजून वाट बघते.

मित्रांनो, तुमच्या घरी आज ना उद्या मोटार येईल. तिला जपा, हळू हाका, आणि पाय पुरतात तिथं तिला नेऊ नका. तिच्या टाकीतला थेंब न् थेंब त्या वाटेसाठी राखून ठेवा, जिच्या टोकाला कुणीतरी ताट झाकून तुमची वाट बघत बसलेलं असेल.