तोटीखालचा निळा रंग

मित्रांनो, मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजातली जुनी ब्युरेट आहे. म्हणजे अंगावर आकड्यांच्या रेघा आणि खाली तोटी असलेली काचेची लांब नळी. भट्टीसमोर जन्मले आणि तणशीत गुंडाळून इकडे आले. नवी होते तेव्हा प्रॅक्टिकलला माझ्यासाठी पोरांत ओढाताण चाले. पुढे प्रयोग पडद्यावरच दिसू लागले आणि मी कपाटात धूळ खात पडले.

प्रतिक्षाने मला बाहेर काढले. विज्ञान प्रदर्शनासाठी तिचा विषय होता, कोणत्या सफरचंदात आणि कोणत्या रसात व्हिटॅमिन सी किती. रसात स्टार्चचे पाणी घालायचे आणि माझ्या तोटीतून आयोडीन थेंबथेंब सोडायचे. व्हिटॅमिन आहे तोवर थेंबाचा रंग विरतो, संपले की रस निळा पडतो. हिरव्या आंबट सफरचंदाने बरेच थेंब पचवले, लाल गोड सफरचंदाने कमी. लोक माझ्याभोवती जमले. जुने दिवस परत आल्यासारखे वाटले.

तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट घालून प्रतिक्षाचे वडील हिरालाल आले. वरठी स्टेशनबाहेर त्यांची ज्यूसची गाडी. मुलीच्या कामाला उपयोगी पडेल म्हणून सकाळी काढलेल्या सफरचंदाच्या रसाची बाटली त्यांनी आणली होती. प्रतिक्षाचा वर्गमित्र प्रितम त्यांना गाडीमुळे ओळखायचा.

"काका, तुमचाच रस तपासू ना!" तो म्हणाला आणि त्याने रसात स्टार्च घालून तोटी सोडली.

दोन-तीन थेंबांतच रस काळानिळा झाला.

"पाणी मिसळता वाटते, काका!"

सगळे हसले.

"नाही जी. सफरचंद गिऱ्हाइकासमोर कापतो मी. खोटं काहून बोलू?" हिरालाल म्हणाले आणि त्यांनी मुलीकडे पाहिले.

प्रतिक्षाला खरे ठाऊक होते. सफरचंदात हे व्हिटॅमिन मुळातच थोडे, त्यातलेही पुष्कळसे सालीलगत, आणि काढून ठेवलेल्या रसात तेही कमी होत जाते. पण ज्यूसवाला आपला बाप आहे हे तिने वर्गात कोणालाच सांगितले नव्हते. ती माझ्या तोटीकडेच पाहत राहिली.

हिरालाल समजले. त्यांनी बाटली उचलली. "बरं ताई, येतो," म्हणाले आणि वळले.

पोटच्या मुलीला 'ताई'! तो निळा रंग माझ्या तोंडून पडला होता, मित्रांनो. मला वाटले, कपाटातली धूळ बरी होती.

ते दारापर्यंत पोचले तेव्हा प्रतिक्षाचा आवाज फुटला. "थांबा! ते माहे बाबा आहेत! त्यांच्या रसात पाणी नाही!"

तिने सर्वांसमोर ताजे लाल सफरचंद पिळले. तोही रस थोड्याच थेंबांत निळा पडला. मग पेरू घेतला. थेंबावर थेंब पडत गेले, रंग विरतच राहिला.

"चुकलो, काका," प्रितम खाली मान घालून म्हणाला.

प्रतिक्षाला मात्र वर पाहवेना. "बाबा, मी..."

"लोक पाहून राहिले, पोरी," हिरालाल हळूच म्हणाले. "पेरूचं नीट सांग त्यांले."

मित्रांनो, आम्हा जुन्या उपकरणांना वापरा, जपा. थेंब मोजताना जी काळजी घेता, तीच माणसावर हसण्याआधी घ्या. आणि प्रयोग संपला की आम्हाला धुऊन ठेवा. त्या संध्याकाळी प्रतिक्षाने मला स्वतः धुतले. काच केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी ती नळाखाली मला धूतच राहिली.